आधी पाहिला तोच मूळ

‘पिंजरा’ म्हणजे ‘द ब्लू एंजल’ची मराठी नक्कल, असं मी एका दिवाळी अंकात छातीठोकपणे लिहिलं, तेव्हा मी ‘द ब्लू एंजल’ पाहिलाच नव्हता. ‘पिंजरा’ पाहिला होता, तोही शाळेत असताना, दूरदर्शनवर. जर्मन चित्रपटाची गोष्ट कुठेतरी वाचनात आली होती: कडक शिस्तीचा मास्तर, गाणारी-नाचणारी बाई, तिच्या नादाने मास्तरची झालेली वाताहत. एवढं जुळलं आणि मी निकाल देऊन मोकळी झाले. लेख छापून आला, कुणी हरकत घेतली नाही, उलट ओळखीच्या काही जणांनी ‘अभ्यासपूर्ण’ म्हणून पाठ थोपटली. त्यानंतर मूळ चित्रपट आणि त्याचा रिमेक घरी पाठोपाठ लावायचा आणि डावं-उजवं सांगायचं, हा माझा सुट्टीचा ठरलेला उद्योग झाला. सोसायटीच्या सिनेमा कट्ट्यावर मला मुद्दाम बोलायला लावत. माझ्याकडे एक नियमही तयार होता: मूळ ते मूळ, रिमेक म्हणजे त्याची पातळ केलेली आवृत्ती. त्या काळात मी जे बोलले आणि लिहिलं, त्यातलं बरंच चुकीचं होतं. त्यातल्या काही चुका अज्ञानातून झाल्या, काही घाईतून, आणि एक तर चक्क टीव्हीच्या सेटिंगमुळे. पण टीव्हीलाही पुढे करून मला सुटता येणार नाही.

‘पिंजरा’पासूनच सांगते, कारण तिथे मी एकदा चुकले आणि दुरुस्त करायला गेले तेव्हा पुन्हा चुकले.

लेखानंतर काही वर्षांनी ‘द ब्लू एंजल’ची डीव्हीडी हाती आली. योसेफ फॉन स्टर्नबर्गचा हा चित्रपट १९३०चा. हाइनरिश मान यांच्या १९०५ सालच्या कादंबरीवरून केलेला. मास्तरच्या भूमिकेत एमिल यानिंग्ज आणि गाणाऱ्या लोलाच्या भूमिकेत मार्लेन डीट्रिश. मी उत्साहाने लावला. पडद्यावर माणसं इंग्रजी बोलत होती. यानिंग्ज एकेक शब्द जड ओझ्यासारखा उचलून पुढे ठेवत होता. चेहरेही विचित्र रुंद दिसत होते, कारण जवळपास चौकोनी चौकटीतलं जुनं चित्र आमच्या टीव्हीने दोन्ही बाजूंना ताणून पडदाभर केलं होतं. मला त्यातलं काहीच खटकलं नाही. जुना चित्रपट म्हणजे असाच असणार, असं मी धरून चालले. पुढच्या कट्ट्यावर मी सांगितलं की श्रीराम लागूंच्या गुरुजींपुढे हा जगप्रसिद्ध यानिंग्ज काहीच नाही. आपल्या माणसाचं कौतुक होतं, त्यामुळे टाळ्याही पडल्या.

‘द ब्लू एंजल’ एकाच वेळी दोन भाषांत चित्रित झाला होता, जर्मन आणि इंग्रजी. जर्मन नटांना परकी भाषा बोलायला लावून केलेली इंग्रजी आवृत्ती मी पाहिली होती, आणि तीच मूळ समजले होते. खरं तर हे मला सुचायला हवं होतं. बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात ही पद्धत आपल्याकडेही होती. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये मराठी आणि हिंदी असा दोन्हींत निघाला. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ या जोड्या तर मी कट्ट्यावर तोंडपाठ म्हणून दाखवत असे. म्हणजे ‘पिंजरा’वाल्याच शांतारामबापूंच्या उमेदीच्या काळातली ही रीत मला ठाऊक होती, पण तीच रीत त्याच वर्षांत बर्लिनमध्येही असेल, हा विचार मनाला शिवला नाही. आपलं ज्ञान आपण कुठल्या खणात ठेवतो, त्यावर ते वेळेला हाताशी येणार की नाही हे ठरतं.

मग जर्मन आवृत्ती मिळवली, चित्र चौकटीत बसवलं आणि पुन्हा पाहिलं. त्यात एक प्रसंग आहे. मास्तरचं लोलाशी लग्न होतं, मेजवानीत जादूगार त्याच्या नाकाजवळून अंडी काढून दाखवतो, लोला कोंबडीसारखी कलकलते आणि हा एवढा करारी मास्तर आनंदाच्या भरात कोंबड्यासारखा आरवतो. सगळे हसतात, तोही हसतो. काही वर्षांनी तो लोलाच्याच फिरत्या मंडळीत विदूषक झालेला असतो. त्याच्याच गावात, ओळखीच्या माणसांनी भरलेल्या सभागृहात, त्याच्या डोक्यावर अंडी फोडतात आणि त्याला आरवायला सांगतात. विंगेत लोला दुसऱ्या पुरुषाबरोबर असते. तो उभा राहतो, आवाज फुटत नाही, आणि मग जे बाहेर येतं ते आरवणं नसतं, गळा फाडून निघालेली किंकाळी असते. हा प्रसंग इंग्रजी आवृत्तीतही होता. त्यात शब्दांची अडचणही नव्हती. तरी तो माझ्या हातून निसटला होता, कारण तोवर मी यानिंग्जच्या इंग्रजीवरून त्याला निकालात काढून बसले होते.

आणि याच पाहण्यात नकलीचा आरोप पुरता कोसळला. जर्मन मास्तर अखेर रात्री आपल्या जुन्या शाळेत शिरतो आणि वर्गातल्या टेबलाला घट्ट धरून मरतो. त्याचा शेवट त्याच्यापुरता आहे. १९७२च्या ‘पिंजरा’त निम्म्या वाटेवर गोष्ट वेगळीच दिशा घेते. गुरुजी मेले, असं गावाला भासवलं जातं, गाव त्यांना देवत्व देतं, त्यांचा पुतळा उभारतं, आणि जिवंत गुरुजी तमाशाच्या फडाबरोबर भटकत राहतात. शेवटी त्यांच्यावर खुनाचा खटला चालतो तो स्वतःच्याच खुनाचा, आणि गावाचा आदर्श मोडू नये म्हणून ते गप्प राहून फाशी पत्करतात. ‘पिंजरा’ लिहिणारे अनंत माने, शंकर पाटील आणि दिग्दर्शक शांताराम या मंडळींनी बीज बाहेरून घेतलं असेल, पण एक गाव आपल्या आदर्श माणसाशी कसं वागतं, हा प्रश्न स्टर्नबर्गच्या चित्रपटात कुठेही नाही. मी पहिला अर्धा भाग जुळवला होता आणि उरलेला अर्धा पाहायची तसदी घेतली नव्हती. दुरुस्तीचं टिपण लिहून पाठवलं, पण तो अंक तोवर बंद पडला होता. ज्यांनी माझा लेख वाचला, त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती पोहोचलीच नाही, याची खंत आजही आहे.

टीव्हीचं प्रकरण ‘दृश्यम’चं.

मी हिंदी ‘दृश्यम’ आधी पाहिला, २०१५ मध्ये, थिएटरात. निशिकांत कामतांचं दिग्दर्शन, अजय देवगण आणि तब्बू, गोव्यातलं पोंडोलिम नावाचं गाव, आणि कॅमेरा अविनाश अरुणचा. ‘किल्ला’मधला कोकणातला पाऊस ज्याने दाखवला, त्याच माणसाने इथली ओली हिरवाई टिपली होती. चित्रपट फार आवडला. पुढे घरी नवा मोठा टीव्ही आला आणि त्यावर जीतू जोसेफचा २०१३ चा मल्याळम ‘दृश्यम’ सबटायटल्ससह लावला. माझ्या नियमाप्रमाणे मूळ सरस ठरायला हवं होतं, पण मला दोन गोष्टी खटकल्या आणि मी त्या कट्ट्यावर ठासून सांगितल्या. एक, मल्याळम चित्रपट दिसायला टीव्ही मालिकेसारखा आहे, अविनाश अरुणच्या कामापुढे अगदी सपाट. दोन, पूर्वार्ध लांबण लावलेला, हिंदीवाल्यांनी तो छान आवळला आहे.

पहिला मुद्दा टीव्हीच्या दुरुस्तीला आलेल्या मुलाने सहज निकालात काढला. रिमोट हातात घेऊन तो म्हणाला, “ताई, हे मोशनचं सेटिंग चालूच ठेवलंय? सिनेमा असा बघता तुम्ही?” चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. आजचे टीव्ही दोन चौकटींच्या मधे स्वतःच्या अंदाजाने आणखी चौकटी तयार करून घालतात, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसते. क्रिकेटच्या सामन्याला ते बरं. चित्रपटाचा मात्र पोतच बदलतो, सगळं स्टुडिओत व्हिडिओवर घेतल्यासारखं दिसायला लागतं. बऱ्याच टीव्हींमध्ये हे सेटिंग घरी येतानाच चालू असतं. २०१८च्या डिसेंबरात टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी खास व्हिडिओ काढून, हे बंद करा, अशी प्रेक्षकांना विनंती केली होती. त्याची बातमी मी वाचलीही होती. स्वतःच्या घरातल्या टीव्हीकडे मात्र वळून पाहिलं नाही. त्या मुलाने सेटिंग बंद केलं आणि मी ‘दृश्यम’ची काही मिनिटं पुन्हा लावली. चित्र बदललं. सावल्यांना वजन आलं, डोंगरउतारावरचं घर खरं वाटायला लागलं. सुजित वासुदेव या छायाचित्रकाराने मन लावून केलेल्या कामाला मी भरल्या बैठकीत सपाट म्हटलं होतं, आणि सपाट केलं होतं ते माझ्या टीव्हीने.

दुसरा मुद्दा मात्र कुणी येऊन दुरुस्त केला नाही. दोन्ही चित्रपटांच्या लांबीचे आकडे मी जवळजवळ वर्षभराने सहज पाहिले. दोन्ही साधारण पावणेतीन तासांचे, फरक मिनिटांचा. ‘आवळलेला’ आणि ‘लांबलेला’ हे दोन्ही शब्द माझ्या मनातून आले होते. हिंदी पाहताना मला पुढचं काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे नायकाच्या घरातली थट्टामस्करी मी निवांत पाहिली. मल्याळम पाहताना मी गुन्हा कधी घडतो याचीच वाट पाहत होते, आणि त्याच्या आधीचं सगळं मला अडथळा वाटत होतं. शिवाय डोळे सतत पडद्याच्या तळाशी. सबटायटल वाचून वर बघेपर्यंत मोहनलालच्या चेहऱ्यावर जे घडायचं ते घडून गेलेलं असायचं. हा माणूस अभिनय करतो तो भुवई, पापणी, ओठाचा कोपरा यांनी, आणि नेमकं तेच माझ्या नजरेतून सुटत होतं.

पुन्हा पाहिला तो सावकाश, अवघड जागी मागे नेऊन, आणि त्या ‘लांबलेल्या’ पूर्वार्धासाठीच. जॉर्जकुट्टी हा इडुक्कीच्या डोंगराळ भागातला केबलवाला. अनाथ वाढलेला, शाळा फारशी न शिकलेला, रात्र रात्र ऑफिसात सिनेमे बघत बसणारा, पैशाला चिकट. चहाच्या टपरीवर त्याचं बसणं, सहदेवन या लाचखाऊ हवालदाराशी उडणारे खटके, बायको राणीची कुरकुर, मुलींचे हट्ट. हे सगळं भरताड वाटलं होतं. पण पुढे त्याचं कुटुंब वाचतं ते कशावर? बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरातला ऑपरेटर, ही साधी माणसं मनापासून सांगतात की हे चौघं त्या दिवशी इथे होते. ती खोटं बोलत नाहीत, त्यांना तसं खरंच वाटत असतं. ज्या माणसाला सगळे ओळखतात, ज्याच्याशी रोज दोन शब्द होतात, त्याच्याबद्दलच अशी आठवण पेरता येते. त्या ‘रेंगाळलेल्या’ तासाभरात जॉर्जकुट्टीची गावातली पत उभी राहते आणि उत्तरार्ध त्या पतीवर तोललेला आहे. हिंदीत विजय साळगावकरही हेच करतो. मल्याळममधलं तोडुपुळाचं ख्रिस्ती ध्यानशिबिर हिंदीत पणजीचा सत्संग होतं, २ आणि ३ ऑक्टोबर या तारखा तर लोकांच्या तोंडी बसल्या. कामतांच्या मंडळींनी ही अदलाबदल विचारपूर्वक केली आहे. पण जंगल तोडून वसलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या त्या मुलखात, मागे कुणी नसलेला माणूस स्वतःच्या हिकमतीवर घर आणि जमीन मिळवतो, तेव्हा ते घर गमावण्याची भीती किती खोल असते, हे मल्याळममध्ये जास्त कळतं. हेच मला आधी कंटाळवाणं वाटलं होतं.

याच जीतू जोसेफने तमिळमध्ये ‘पापनाशम’ केला, कमल हासनला घेऊन. गोष्ट तीच, दिग्दर्शकही तोच, पण मेलेल्या मुलाच्या आईवडिलांशी होणाऱ्या अखेरच्या भेटीत मोहनलाल जिथे आवरून धरतो, तिथे कमल हासन कोसळून रडतो. मला संयम जवळचा, म्हणून मी लगेच मोहनलालला गुण देऊन टाकले. आता वाटतं, एकाच दिग्दर्शकाने दोन बापांना दोन तऱ्हेने दुःख करू दिलं, यात गुणांचा हिशेब कशाला हवा होता?

निशिकांत कामतांवरही मी अन्याय केला आहे, तो थोडक्यात सांगते. ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) पाहून बाहेर पडताना मी म्हटलं होतं की हा तर ‘फॉलिंग डाउन’! थंड पेयाच्या जादा पैशांवरून दुकानात होणारी तोडफोड, हातातली बॅट, शहरभर फिरणारा चिडलेला मध्यमवयीन माणूस, एवढं जुळल्यावर पुढे कशाला बघायचं? मग त्यांनी ‘फोर्स’ केला, ‘दृश्यम’ केला, ‘रॉकी हँडसम’ केला, तेव्हा मराठी माणूस हिंदीत जाऊन दुसऱ्यांचंच पुन्हा करत बसतो, असंही बोलले. ऑगस्ट २०२० मध्ये ते गेले. टाळेबंदीचे दिवस होते, त्यांचे चित्रपट पुन्हा पाहिले. ‘फॉलिंग डाउन’ची सुरुवात लॉस एंजलिसच्या वाहतूक कोंडीत होते आणि मायकल डग्लसचा नायक तेव्हा आधीच मोडलेला असतो. कामत मात्र माधव आपटेची रोजची सकाळ, रोजची लोकल, रोजची बँक पुन्हा पुन्हा दाखवतात, इतकी की ती कंटाळ्याची लय आपल्याही अंगात भिनते. संदीप कुलकर्णींचा आपटे मोडतो तो आपल्या डोळ्यांदेखत. त्यांनी स्वतःच हा चित्रपट माधवनला घेऊन तमिळमध्ये ‘एव्हानो ओरुवन’ म्हणून केला, म्हणजे स्वतःचंही पुन्हा करून बघायची त्यांची तयारी होती. हे ते हयात असताना मला म्हणता आलं असतं.

बाबांशी झालेला वाद आता आठवला की वाईट वाटतं. ‘अशी ही बनवाबनवी’ आमच्या घरात सगळ्यांना पाठ. टीव्हीवर लागला की कामं बाजूला पडत. अशाच एका दुपारी बाबा म्हणाले, “हे आधी हिंदीत येऊन गेलंय. मेहमूदचं. मी पाहिलंय.” मी म्हटलं, “बाबा, तुमची ‘पडोसन’शी गल्लत होतेय.” ते म्हणाले, “नाही गं, घरासाठी पोरं बायका होतात, तेच.” मी त्यांना बोलू दिलं नाही. सचिन, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी, ते लीलाबाई काळभोरांचं घर, ही गोष्ट इतकी आपली, इतकी पुणेरी, की ती दुसरीकडून आली असेल हे मला मान्यच होईना. वयामुळे बाबा विसरायला लागलेत, असं मी आईला नंतर म्हणाले. तेही त्यांनी ऐकलं असावं.

बाबा बरोबर होते. हृषिकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’, १९६६. ‘बनवाबनवी’ १९८८चा. मी तो शोधून आणला आणि आम्ही दोघांनी मिळून पाहिला. बाबा सुरुवातीपासून हसत होते. मी मात्र ताठ बसले होते. प्रत्येक प्रसंगात मेहमूदच्या जागी मला अशोक सराफ हवे होते, साडी नेसलेल्या विश्वजीत आणि केश्टो मुखर्जींकडे बघताना ‘बनवाबनवी’तल्या सुधा आणि पार्वती डोळ्यांसमोर यायच्या आणि हे दोघं नकली वाटायचे. बावीस वर्षं आधीचा चित्रपट मला नंतरच्याची फसलेली प्रत वाटत होता. मी जो नियम इतकी वर्षं सांगत होते, तो माझ्याच घरात टिकला नाही. मूळ कुठलं हे मी साल बघून ठरवत नव्हते. जो आधी पाहिला, आवडला, घरात मुरला, तोच माझ्यासाठी मूळ होता, आणि नियमाचा आधार मी फक्त सोयीच्या वेळी घेत होते. कट्ट्यावर कुणी ‘बीवी और मकान’चं नाव काढलं, तेव्हा ‘हा अपवाद’ एवढंच बोलून मी विषय बदलला. ती चूक नव्हती, अप्रामाणिकपणा होता.

अपवाद म्हणून सोडून दिल्यामुळे वसंत सबनीसांनी काय केलं, हे बघायचंही राहून गेलं. सांगाडा हृषिदांकडून आला. पण ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या माणसाचा कान त्या संवादांमागे आहे. एकाने चेंडू टाकायचा, दुसऱ्याने सरळ चेहऱ्याने तो भलतीकडे टोलवायचा, तिसऱ्याने मधेच तोंड घालायचं, ही वगनाट्यातली सवाल-जवाबाची चाल त्यांनी भाड्याच्या खोलीच्या गोष्टीत आणून बसवली. म्हणून ते संवाद लोकांच्या तोंडी राहिले. हिंदीत हेमंतकुमारांच्या गाण्यांना ऐसपैस जागा आहे आणि मित्रांमधला जिव्हाळा अधिक हळवा आहे. बाबांना दोन्ही आवडायचे. कुठला जास्त, असं मी विचारलं तेव्हा हा प्रश्नच त्यांना कळला नाही.

राहिला ‘सैराट’ आणि ‘धडक’. इथे मी जे केलं, त्याचा फटका माझ्या भाचीला बसला.

‘सैराट’ आला २०१६ मध्ये, ‘धडक’ २०१८ मध्ये. भाची बंगळूरूला वाढलेली, तिने ‘सैराट’ पाहिला नव्हता. सुट्टीत आमच्याकडे आली, तेव्हा तिने हौसेने ‘धडक’ लावला. रिमोट मी घेतला. पहिल्या गाण्यापासून मी थांबवायला सुरुवात केली. इथे तिकडे विहीर आहे. इथे अर्ची ट्रॅक्टर चालवत येते. हा बाप तिकडे असा बोलत नाही. हे घर बघ, किती चकचकीत, तिकडे परश्याचे वडील मासे धरतात. चित्र गोठवायचं, बोलायचं, पुन्हा सुरू करायचं. मध्यंतराच्या सुमारास ती म्हणाली, “मावशी, तू मला हा सिनेमा दाखवतेयस की तो सांगतेयस?” मी हसून पुढे चालू ठेवलं. थोड्या वेळाने ती पाणी प्यायला म्हणून उठली आणि परत आली नाही. मी एकटीने शेवटपर्यंत पाहिला आणि मनातल्या मनात यादी पूर्ण केली.

तिचे दोन चित्रपट मी एका बैठकीत घालवले. ‘धडक’ तिला बघू दिला नाही आणि ‘सैराट’चं सगळं आधीच सांगून टाकलं. ज्या चित्रपटाच्या शेवटाने मी थिएटरात सुन्न होऊन खुर्चीत बसून राहिले होते, तो शेवट तिला कधीच तसा अंगावर येणार नाही, कारण मी तो सोफ्यावर बसून, चहा घेत, तुलनेचा मुद्दा म्हणून सांगितला होता.

आणि मी केलेली यादीही उथळच होती. विहीर, ट्रॅक्टर, बुलेट, असं मी मोजत बसले. ‘सैराट’ सुमारे तीन तासांचा आणि ‘धडक’ सव्वादोन तासांचा आहे. ती जवळपास चाळीस मिनिटं नेमकी कुठून गेली, हे मी पाहिलं नव्हतं. नंतर एकटीने दोन्ही पुन्हा पाहिले, न थांबवता. ‘सैराट’मध्ये अर्चीचा भाऊ प्रिन्स वर्गात शिक्षकाच्या कानाखाली मारतो. प्रेमाच्या गोष्टीला त्या थपडेची काहीच गरज नाही, पण गावात कुणाचा हात कुणावर उठू शकतो हे तिथेच कळतं. हैदराबादेत अर्चीला झोपडपट्टीतली मोरी सहन होत नाही. वस्तीतल्या सुमनअक्काच्या आधाराने दोघं उभे राहतात, परश्या संशय घेतो, हात उचलतो, ती निघून जाते, परत येते. पाटलाच्या घरात वाढलेल्या मुलीला आपलं मोठेपण एकेक करून खाली ठेवावं लागतं आणि मासेमाराच्या मुलाला आपल्यातला पुरुष ओळखावा लागतो. हे सगळं दिग्दर्शक मंजुळे घाई न करता दाखवतात. ‘धडक’मध्ये उदयपूर आहे, राजकारणी बाप आहे, कोलकाता आहे, पण जात एखाद-दुसऱ्या वाक्यात येऊन जाते. मुलगा हॉटेलवाल्याचा, मुलगी हवेलीतली, एवढ्यावर भागवलंय. मी विहिरीबद्दल बोलले आणि जातीबद्दल एक अक्षर बोलले नाही. तुलना करायचीच होती, तर भाचीला सांगण्यासारखी ती एकच गोष्ट होती.

‘धडक’चा शेवट हिंदी प्रेक्षकांसाठी सौम्य केला आहे, असंही मी कट्ट्यावर म्हटलं होतं. तेही चूक. ‘सैराट’मध्ये अर्ची आणि परश्या दोघं मारले जातात, त्यांचं लहानगं पोर उरतं. ‘धडक’मध्ये नवरा आणि पोर दोघांना इमारतीवरून खाली फेकतात आणि नायिका पार्थवी ते बघत जिवंत राहते. मी हे ‘नायिकेला वाचवलं’ असं मोजलं होतं.

गेल्या वर्षी भाचीने दोन्ही चित्रपट आपल्या खोलीवर, आपल्या सवडीने पाहिले आणि मला फोन केला. तिला ‘सैराट’ फार मोठा वाटला, त्याबद्दल ती खूप वेळ बोलली. पण शेवटाबद्दल तिचं मत ठाम आहे. “मावशी, अर्ची मरते. पार्थवीला जगायचंय. तेही आपल्याच भावाने हे केलं, हे माहीत असताना. ते तुला सौम्य वाटलं?” मी म्हटलं, अर्ची-परश्याच्या मरणामागे गावाची सगळी उतरंड उभी केलेली आहे, आणि पार्थवीच्या मागे फक्त तिचं घर आहे, म्हणून ते दुःख खरं असलं तरी एकटं पडतं. ती म्हणाली, मुलीला मारायला येतात ते घरचेच येतात, सोबत साड्या-खेळणी घेऊन येतात, गाव त्यांच्या मागे असतं ते दिसो न दिसो. मला हे पटत नाही, दिसायलाच हवं असं मी म्हणते. पण तिचं म्हणणं मला खोडून काढताही आलेलं नाही, आणि फोनवर तो वाद अजून चालू आहे.